म्हातारपणची शिदोरी : नाशिकरोड ते सिन्नर

नाशिकरोडच्या रेल्वे स्थानकाजवळच्या छापखान्यांत गेली सुमारे शंभर वर्षे देशाची टपाल तिकिटे, मुद्रांक आणि चलनी नोटा छापल्या जात आहेत. तेथून पुण्याच्या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर गेले की सिन्नर लागते. एके काळी या गावाचे नाव काढले की विड्यांचे कारखाने डोळ्यांपुढे येत. छापखान्यातला कामगार आणि विड्या वळणारी बाई, दोघांनीही आयुष्यभर हातांनी काम केले. दोघांच्याही घरी मुलांच्या शाळा होत्या, लग्नकार्ये होती, दुखणीखुपणी होती, सणाला येणारे पाहुणे होते. तरी साठी उलटल्यावर एकाच्या हाती दरमहा निवृत्तिवेतन येत राहिले आणि दुसरीला नजर अधू होईपर्यंत पाने कातरावी लागली. असे का व्हावे?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. काटकसरी माणसाचे म्हातारपण सुखाचे जाते, उधळ्याचे हालात जाते. शिकलेला पुढचे पाहतो, न शिकलेला आजचे पाहतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकातील मुंगीचा दाखला आपण मुलांना देतो. इजिप्तमध्ये सुकाळाच्या ७ वर्षांत धान्य साठवून पुढील ७ वर्षांच्या दुष्काळात लोकांना जगवणाऱ्या योसेफाची कथाही आपल्याला पाठ आहे. परंतु त्या कथेतील एक बारकावा आपल्या नजरेतून बहुधा निसटतो. योसेफाने घरोघर जाऊन काटकसरीचा उपदेश केला नाही. शेतात पीक उभे असतानाच त्याचा पाचवा हिस्सा कोठारात जमा करून घेण्याची त्याने व्यवस्था केली. धान्य शेतकऱ्याच्या घरात पोहोचण्यापूर्वीच त्यातून उद्याचा वाटा बाजूला निघाला.

आमच्या मते म्हातारपणासाठी माणसे पैसा का राखतात आणि का राखत नाहीत, याचे बरेचसे मर्म या एका बारकाव्यात आहे. नाशिक परिसराचा गेल्या शतकाचा इतिहास त्याची साक्ष देतो. तो येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. म्हातारपणासाठी वेगळी पुंजी राखावी ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. ‘निवृत्ती’ हा शब्द मात्र जुना आहे. नाशिकपासून जवळच, त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या संत निवृत्तिनाथांच्या नावात तो आहे. पण तेथे त्याचा अर्थ संसारातून मन काढून घेणे असा आहे. नोकरीतून मोकळे होणे हा अर्थ त्याला पुढे, नोकरी नावाची वस्तू रूढ झाल्यावर चिकटला. शेतकरी, सुतार, कोळी किंवा शेतमजूर निवृत्त होत नसे. हातपाय चालतील तोवर काम करावे, मग मुलाच्या हाती औत किंवा वाकस द्यावा आणि ओसरीवर बसून नातवंडे सांभाळावीत, हाच शिरस्ता होता. मुलाला ‘म्हातारपणची काठी’ म्हणत ते उगाच नव्हे.

शिवाय म्हातारपण सर्वांच्या वाट्याला येतच नसे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. अर्भकांचे मृत्यू फार असल्याने हा आकडा इतका खाली उतरलेला दिसतो हे खरे. तथापि साठी पाहणे हे त्या काळी भाग्याचे लक्षण समजले जाई, हेही खरेच. आज ते आयुर्मान सत्तरीच्या घरात आले आहे. जो काळ पूर्वी थोड्यांच्याच वाट्याला येई, तो आता बहुतेकांच्या वाट्याला येतो आणि कित्येकदा वीस वीस वर्षे टिकतो.

मग जुनी माणसे बचत करीत नसत काय? करीत होती. पण ती बचत दुष्काळासाठी, लेकीच्या लग्नासाठी, बैल मेला तर नवा घेण्यासाठी असे. बाईच्या गळ्यातील चार मणी, दारातली शेळी, कणगीतले धान्य ही तिची रूपे. आपल्या नाशिक धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांचे मूळ नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) कोरडवाहू गावांत आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे त्या घरांत होती. ज्याने असा दुष्काळ पाहिला त्याच्या मनातला हिशेब पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोहोचतो. तीस वर्षांनंतरच्या दिवसांपर्यंत तो जाईल कसा? अशा माणसाला अदूरदर्शी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्याचे आज अस्थिर असते, त्याची सारी दूरदृष्टी उद्याचा दिवस पार पाडण्यातच खर्ची पडते.

ठेव ठेवायची तर ती कोणाकडे, हा दुसरा प्रश्न. सावकाराकडे माणसे कर्ज काढायला जात, ठेव ठेवायला नव्हे. १८३३ ते १८३५ या काळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या राजधान्यांत सरकारी बचत पेढ्या निघाल्या. पण त्या शहरवासीयांच्या उपयोगाच्या होत्या. १ एप्रिल १८८२ पासून टपाल खात्याने बचत बँक सुरू केली, तेव्हा ही सोय खेड्यांच्या दिशेने सरकली. पोस्टमन ओळखीचा होता, पत्र आणि मनीऑर्डर घेऊन येणारा होता. त्याच्या खात्यावरचा विश्वास हेच त्या पुस्तिकेचे खरे भांडवल होते. पुढे मोठ्या ठेवींपेक्षा लहान ठेवी गोळा करण्यात पोस्टाने जे यश मिळवले, त्याचे मूळ येथे आहे.

याच सुमारास कामगाराच्या उतारवयाचा विचार कारखान्यांतही सुरू झाला. त्याचा एक आरंभ आपल्या महाराष्ट्रात, नागपूर येथे झाला याचा आम्हांला अभिमान वाटतो. जमशेदजी टाटा यांनी १८७७ साली तेथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला. त्यानंतर ३ वर्षांनी, १८८९ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कने वृद्धत्वविम्याचा कायदा केला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनीही त्यात वाटा उचलायचा होता. निवृत्तिवेतनाचे वय ७० ठेवलेले होते. म्हणजे तेथवर पोहोचणारे थोडेच. तरीही एक तत्त्व प्रस्थापित झाले. म्हातारपणाची तरतूद ही एकट्याच्या सद्गुणावर सोडून देण्याची गोष्ट नाही, हे ते तत्त्व.

१५ मे १८९१ रोजी परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात बचतीचा विचार आला आहे आणि त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कामगाराला स्वतःचे, पत्नीचे आणि मुलांचे नीट भागेल इतके वेतन मिळाले, तर तो सहजपणे काटकसर करून थोडेफार शिल्लक टाकील, अशा आशयाची मांडणी तेथे आहे. आधी पुरेसे वेतन, मग काटकसर. आपण उपदेश करताना हा क्रम नेमका उलटा करतो. ज्याच्या हाती महिनाअखेरीस काही उरतच नाही त्याला बचतीचे महत्त्व सांगणे म्हणजे कोरड्या विहिरीवर पोहरा देणे होय.

विश्वास आणि व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम सहकाराने केले. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर ५ वर्षांनी, १९०९ मध्ये, छोटानागपूरच्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी येशूसंघीय धर्मगुरू फादर हॉफमन यांनी रांचीला कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आपल्या वसईत १९१८ साली मोन्सेनियर मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथॉलिक सहकारी पतपेढी स्थापन झाली. आज ती मोठी बँक आहे. या संस्था निघाल्या त्या कर्जाच्या जाचातून सुटकेसाठी. पण कर्ज देणाऱ्या संस्थेला ठेवी लागतात, आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात भेटणारी माणसेच जर संचालक असतील तर भित्रा माणूसही चार रुपये ठेवायला धजावतो. ओळखीचा माणूस, ठरलेला दिवस आणि शेजारीही ठेवतो आहे ही जाणीव, या तिन्हींनी मिळून जी सवय लागली ती व्याख्यानांनी लागली नसती.

अर्थात ओळखीच्या विश्वासाला मर्यादा असतात, हेही नमूद केले पाहिजे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि असंख्य साध्या ठेवीदारांची झोप उडाली. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेवविमा सुरू झाला. आरंभी त्याची मर्यादा माणशी १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख आणि २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली. हा विमा बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. जादा व्याजाच्या आशेने निवृत्तीची सारी रक्कम एका पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हा भेद विसरू नये. एकदा विश्वासाला तडा गेला की पुढली पिढीही बचतीकडे पाठ फिरवते.

आता नाशिकरोडकडे वळू. १९२५ पूर्वी भारताची टपाल तिकिटे इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. ती येथेच छापावीत म्हणून १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेसची उभारणी झाली आणि १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. या छापखान्यांनी नाशिकला एक नवा माणूस दिला. पहिल्या तारखेला ठरलेला पगार घेणारा आणि ठरलेल्या वयाला सन्मानाने निरोप घेणारा हा प्रेस कामगार. सरकारी नोकर म्हणून त्याला निवृत्तिवेतन होते. शिवाय भविष्य निर्वाह निधीची वर्गणी पगारातून परस्पर कापली जाई. योगायोग असा की, याच १९२५ साली भविष्य निर्वाह निधीचा नवा कायदा झाला. त्या कायद्याने या निधीतील सक्तीच्या ठेवीला एक भक्कम कुंपण घातले. कोणा सावकाराने कोर्टातून हुकूमनामा आणला तरी त्या रकमेवर त्याला जप्ती आणता येत नाही.

येथे थोडे थांबून विचार करू. या कामगाराने म्हातारपणासाठी बचत करण्याचा ‘निर्णय’ कधी घेतला? बहुधा कधीच नाही. नोकरीला लागताना त्याने कागदावर सही केली आणि तो निर्णय त्याच्यासाठी घेतला गेला. त्याच्या हाती आलेला पगार हा कपातीनंतरचा पगार होता आणि संसार तेवढ्यात बसवायची त्याला सवय झाली. तीस-पस्तीस वर्षांनी तो ‘पेन्शनर’ झाला, तेव्हा लोकांनी त्याला काटकसरी, हिशेबी म्हटले. तो तसा असेलही. पण त्याच्या हिशेबीपणाला व्यवस्थेचा मोठा आधार होता. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. तो दिवस आजही निवृत्तिवेतनधारकांचा दिन म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर ही सोय सरकारी नोकरीबाहेर नेण्याचा प्रयत्न झाला. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि १९५२ साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. कामगाराने वेतनाच्या सव्वासहा टक्के द्यायचे आणि मालकाने तेवढीच भर घालायची, असा तो नियम होता. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागे एक आणा. तो रोखीने हातात दिला असता तर घरखर्चात कोठे गेला ते कळलेही नसते. १९९७ पासून हा वाटा बहुसंख्य आस्थापनांत १२ टक्के झाला. ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा नाशिक शहरातील हजारो कुटुंबांत ‘फंड’ हा शब्द घरगुती झाला. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, मुलाचे इंजिनिअरिंग अशा प्रत्येक प्रसंगी फंडाची आठवण निघू लागली.

पण या कायद्याला एक दार होते आणि ते सर्वांसाठी उघडे नव्हते. आरंभी तो ६ उद्योगांतील, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. कामगारसंख्येची अट १९६० मध्ये २० वर आली. त्या पहिल्या ६ उद्योगांत सिगारेटचा उद्योग होता. विडीचा नव्हता. तंबाखू दोन्हींत एकच. मात्र सिगारेट यंत्रावर, कारखान्याच्या छपराखाली तयार होते आणि विडी बहुतांशी बाईच्या मांडीवरच्या सुपात. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला तो १९७७ साली, म्हणजे २५ वर्षांनी. त्यानंतरही, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नव्हेत, असा मालकांचा युक्तिवाद चालू राहिला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. तयार विडी पसंत-नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचे त्या कामावर नियंत्रण आहे, आणि म्हणून घरी काम करणारी बाईही त्याची कामगारच आहे, असे न्यायालयाने मानले. १९५२ ते १९८५ ही ३३ वर्षे होतात. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिले सूप मांडीवर घेतलेल्या बाईचे तेवढ्यात उभे आयुष्य संपत आलेले असते.

या बायका उधळ्या होत्या काय? सिन्नरच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही कष्टकरी वस्तीत डोकावले तर भिशी दिसेल. दहा-बारा जणींनी दरमहा ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची आणि जिचे नाव निघेल तिने सारी रक्कम न्यायची. कोणी हप्ता चुकवीत नाही. कारण चुकवला तर गल्लीत तोंड दाखवता येत नाही. पुढे आलेले महिलांचे बचत गट याच शिस्तीवर उभे आहेत. म्हणजे शिस्त होती, निश्चय होता, हिशेबही होता. नव्हते ते दोन गोष्टी. एक म्हणजे मालकाचा वाटा आणि दुसरी म्हणजे तीस वर्षे हात न लावता पैसा सांभाळणारी यंत्रणा. भिशीची मुदत वर्षभराची. तिच्यातून पत्रे येतात, शिलाई यंत्र येते, बाळंतपण निभावते. म्हातारपणापर्यंत ती पोहोचत नाही.

अलीकडच्या काळात परदेशांतील अर्थतज्ज्ञांनी याच प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास केला आहे आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एका मोठ्या कंपनीतील नोकरांची पाहणी केलेली होती. निवृत्ती योजनेत यायचे असल्यास अर्ज करा, असा नियम होता तेव्हा नव्या नोकरांपैकी ४९ टक्के त्यात आले. पुढे कंपनीने नियम फिरवला. प्रत्येकाला योजनेत घ्यायचे. ज्याला नको असेल त्याने अर्ज करून बाहेर पडावे. त्याबरोबर हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. पगार तेच आणि बाहेर पडण्याची मुभाही तशीच. फक्त अर्ज कोणी करायचा ते बदलले. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोघांनी आणखी एक तोडगा सुचवला. आजच्या पगारातून काही मागू नये. पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातून वाढीव वाटा देण्याचे वचन आजच घ्यावे. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांनी असे वचन दिले त्यांची बचत ४० महिन्यांत वेतनाच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हातातला रुपया सोडताना माणसाला वेदना होते, न आलेला रुपया सोडताना ती होत नाही, हे या तोडग्याचे सार आहे. योसेफाची युक्ती यापेक्षा फारशी वेगळी नव्हती.

साठवणे ही अर्धी गोष्ट झाली. साठवलेले न मोडणे ही दुसरी अर्धी. येथे मात्र आपल्या समाजाच्या रीतीभाती आड येतात. १९९५ साली भविष्य निर्वाह निधीला जोडून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तिच्यात दरमहा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलली किंवा कारखाना बंद पडला की कित्येक कामगार फंड काढून घेत आणि त्याबरोबर निवृत्तिवेतनाची रक्कमही उचलत. मागची वर्षे पुसली जात आणि नव्या नोकरीत पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होई. २०१४ पासून एकच खाते क्रमांक आयुष्यभर चालू लागला आणि जुनी सेवा जोडून घेणे सोपे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण मोह कायम आहे. साखरपुडा, लग्न, बाप्तिस्मा, पहिला कम्युनियन या प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी पंगतीचा आकार वाढत गेला आहे. शेजारच्या घरी पाचशे पाने उठली म्हणजे आपल्याकडे तीनशेवर थांबणे जड जाते. म्हातारपणासाठी राखलेला फंड एका संध्याकाळच्या मंडपात संपून जातो. ज्या डोळ्यांच्या धाकाने भिशीचा हप्ता वेळेवर जातो, त्याच डोळ्यांच्या धाकाने फंड मोडला जातो.

गेल्या दोन दशकांत काळाचे चक्र आणखी एकदा फिरले. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत (सैन्यदले वगळून) रुजू होणाऱ्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या राज्यसेवेत व अनुदानित शाळांत लागणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले. त्याऐवजी पगारातून वर्गणी कापून ती बाजारात गुंतवण्याची पद्धत आली. ठराविक रकमेचे आश्वासन गेले. एकाच शिक्षकदालनात २००५ पूर्वी लागलेल्या बाई आणि नंतर लागलेले सर शेजारी शेजारी बसतात, एकच विषय शिकवतात आणि त्यांच्या म्हातारपणाचे चित्र मात्र वेगळे असते. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी जो संप केला, त्याच्या मुळाशी हीच अस्वस्थता होती. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने हमी असलेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना हा पर्याय आपल्या कर्मचाऱ्यांपुढे ठेवला. आपल्या आजोबांच्या पिढीत जो निर्णय त्यांच्यासाठी परस्पर होई, तो आता अर्ज, पर्याय आणि मुदती यांच्या रूपाने प्रत्येकाच्या पुढ्यात येऊन पडतो.

असंघटितांसाठी २०१५ साली अटल निवृत्तिवेतन योजना आली. १८ ते ४० वयाच्या माणसाने बँक किंवा पोस्टाच्या खात्यातून ठरलेली रक्कम कापून द्यायची आणि साठीनंतर दरमहा १ हजार ते ५ हजार रुपये मिळवायचे, अशी ती आहे. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून तिच्यात नव्याने येता येत नाही. ५ हजारांच्या निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये पडतात आणि चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला १,४५४ रुपये. उशीर केवढ्याला पडतो हे सांगायला याहून स्पष्ट आकडा सापडणार नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे ५ हजार महागाईबरोबर वाढत नाहीत. तीस-चाळीस वर्षांनी त्यांत किती किराणा येईल, हे ज्याचे त्याने ताडावे. ही योजना आधार देईल, सारा संसार तिच्यावर चालणार नाही.

आणि ती जुनी काठी? मुले पुण्या-मुंबईला, आखातात, कॅनडात गेली आहेत. ती वाईट झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याही घरांचे हप्ते आहेत, त्यांचीही मुले शिकत आहेत. परंतु २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहासाठी देशाला कायदा करावा लागला, यावरून काठीला चीर गेली आहे एवढे कळते. याचा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो. त्या पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक वर्षे जगतात, लग्नात सहसा नवऱ्याहून लहान असतात, आणि फंड, विमा, पासबुक ही सारी पुरुषाच्या नावावर असतात. अखेरची दहा वर्षे एकटीने काढण्याची पाळी जिच्यावर येणार, तिच्या स्वतःच्या नावावर अनेकदा दागिन्यांपलीकडे काही नसते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. म्हातारपणासाठी बचत होते ती चार गोष्टी जुळल्या म्हणजे. गरजा भागून चार पैसे उरतील इतके वेतन हवे. पैसा हाती येण्याआधी त्यातला वाटा बाजूला काढणारी व्यवस्था हवी. तो सांभाळणाऱ्यावर विश्वास हवा. आणि मध्येच तो मोडायला न लावणारा शेजार हवा. नाशिकरोडच्या कामगाराला यांतल्या बहुतेक गोष्टी आयत्या मिळाल्या. सिन्नरच्या बाईला एकही मिळाली नाही, आणि दोष मात्र तिच्या स्वभावाला दिला गेला.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे उपदेशाचे नाही, कामाचे आहे. घरात धुणीभांडी करणारी बाई, गाडी चालवणारा माणूस, बांधावरचा मजूर यांना आपण पगार देतो, तेव्हा आपणच मालक असतो. रेरुम नोवारुममधील अपेक्षा त्या क्षणी आपल्याला उद्देशून आहे. पगार पुरेसा द्यावा. तिचे वय बसत असेल तर तिला स्वतः बँकेत नेऊन अटल योजनेचा अर्ज भरून द्यावा आणि जमल्यास निम्मा हप्ता आपण उचलावा. कंत्राटावर लागलेल्या आपल्या मुलाने फंडाची रक्कम खरोखर खात्यात जमा होते की नाही हे दरमहा तपासावे आणि नोकरी सोडताना निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्याऐवजी सेवा पुढे जोडून घ्यावी. पत्नीच्या नावे वेगळे खाते असावे आणि वारस म्हणून तिचे नाव प्रत्येक कागदावर आहे की नाही, हे आजच पाहावे. रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास एखाद्या जाणत्या निवृत्ताने सभागृहात बसून अर्ज भरून दिले, तर एका व्याख्यानमालेपेक्षा अधिक घरांचे भले होईल.

नाशिकरोडच्या छापखान्यात नोटांच्या जोडीने राष्ट्रीय बचत पत्रे आणि किसान विकास पत्रेही छापली जात. देशभरातील लोकांनी ती ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत जपून ठेवली. २०१६ पासून ती छापील पत्रे बंद झाली. आता नोंद पासबुकात किंवा संगणकावर होते. ज्या जिल्ह्याने साऱ्या देशाला बचतीचा कागद पुरवला, त्याच जिल्ह्यातील विडी वळणाऱ्या हातांपर्यंत तो कागद क्वचितच पोहोचला. नाशिकरोडहून सिन्नरला जायला एक तास पुरतो. एका आण्याच्या त्या कपातीला ते अंतर कापायला २५ वर्षे लागली आणि बाईच्या घरातल्या सुपापर्यंत पोहोचायला आणखी ८. आज आपल्या घरी, आपल्या शेतावर, आपल्या दुकानात राबणाऱ्या माणसांना इतकी वाट पाहायला लावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.